न्यायाधीशावर दावा? आधी गडगा कोणी पाडून घेतला ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातल्या, सध्या डोंबिवलीला. वडिलांच्या हापूसच्या बागेतून आपला वहिवाटीचा रस्ता आहे, असा दावा शेजारच्या भाऊबंदाने लावला. खालच्या कोर्टाने २०१६ साली तो मंजूर केला. २०१८ मध्ये दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लागली, कोर्टाचा बेलीफ आला, चिऱ्याचा गडगा, म्हणजे बागेची दगडी भिंत, पडला, आंब्याची अकरा कलमं तुटली. २०२१ ला वडील गेले. आणि आता, गेल्या महिन्यात, जिल्हा न्यायालयाने अपील मंजूर केलं. भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशाकडे खालच्या कोर्टाने पाहिलंच नाही, रस्ता त्या जागेतून कधी नव्हताच, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलंय. ताई विचारतात: "तो निकाल देणाऱ्या न्यायाधीशांवर भरपाईचा दावा लावता येईल का? १८५० चा कायदा फक्त सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतो असं वाचलं. नकाशाच न बघणं ही कसली सद्भावना? ते नाही तर ग्राहक आयोगात जाता येईल का?"

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोर्टांत मी एकतीस वर्षं दिवाणी कामं चालवतोय. हा प्रश्न वर्षातून दोनतीनदा तरी टेबलावर येतो, बहुतेक मे महिन्यात, चाकरमानी गावाला आले की. पहिल्यांदा आला तेव्हा माझी सनद नवी होती. मालवणकडचे एक म्हातारे गृहस्थ समोर बसले, पिशवीतून निकालाची नक्कल काढली आणि म्हणाले, "वकीलसायबानू, माका ह्या जज्जाक पिंजऱ्यात उभो करूचो आसा. खर्च किती तो सांगा." मी मोठ्या उत्साहाने नोटिशीचा मसुदा करून सीनियरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, शांतपणे फाडला आणि विचारलं, "अपिलाची मुदत कधी संपते?" सहा दिवस उरले होते. आम्ही दोघांनी नोटिशीच्या नादात तेही घालवले असते.

तर ताई, उत्तर आधी सांगून टाकतो. त्या न्यायाधीशांवर दावा चालणार नाही. ग्राहक आयोगातही नाही. पण तुमचे पैसे मिळायचा रस्ता आहे, आणि तो दुसऱ्याच माणसाच्या दारात जातो. तिथे येतोच. आधी 'सद्भावना' या शब्दाचा गोंधळ मिटवू, कारण तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे.

१८५० चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा कंपनी सरकारच्या अमदानीतला. कोकणात तेव्हा खोती होती आणि देशात आगगाडी यायची होती. पुढे खोती गेली, कुळकायदा आला, कुळं मालक झाली, तरी हा एका कलमाचा कायदा जागचा हलला नाही. तो म्हणतो की न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, कलेक्टर किंवा न्यायिक काम करणारा कोणीही माणूस, त्याने न्यायिक कर्तव्य बजावताना जे केलं किंवा करायचा हुकूम दिला त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी कोर्टात दावा लावता येणार नाही. ते काम त्याच्या अधिकारक्षेत्रातलं असो की नसो. अट एवढीच, की हे काम करायचा आपल्याला अधिकार आहे असं त्याने त्या वेळी सद्भावनेने मानलेलं असावं.

ही अट पुन्हा वाचा. सद्भावना कशाला जोडली आहे? 'मला अधिकार आहे' या समजुतीला. निकाल बरोबर आहे की नाही, पुरावा नीट वाचला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रचपुडी सुब्बाराव या आंध्रातल्या प्रकरणात हे उलगडून सांगितलं. काम अधिकारक्षेत्रातलं असेल तर सद्भावना होती का हा प्रश्नच उठत नाही, संरक्षण पुरं आहे. काम अधिकाराबाहेरचं असेल तेव्हाच ती तपासायची. दिवाणी न्यायाधीशाला वहिवाटीच्या रस्त्याचा दावा ऐकायचा अधिकार आहे का? आहे, त्यासाठीच तो नेमलाय. मग नकाशा न बघणं ही अधिकार वापरताना झालेली चूक ठरते, कितीही मोठी असली तरी. उद्या एखाद्या तहसीलदाराने नवरा-बायकोला घटस्फोट देऊन टाकला, तर 'मला वाटलं अधिकार आहे' हे त्याला सिद्ध करावं लागेल, आणि ते कोणी मानणार नाही.

त्या सुब्बाराव प्रकरणातल्या पक्षकाराने तुमच्या मनात आहे तेच केलं होतं. विरोधात निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला नोटीस धाडली की तुम्ही मुद्दाम चुकीचा निकाल दिलात, भरपाई द्या. भरपाई राहिली बाजूला, न्यायालयाच्या अवमानाचा ठपका मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही पुसला गेला नाही. व्हॉट्सअॅपवर तयार नोटिशीचे नमुने फिरतात ना, त्यांच्या तळाशी ही गोष्ट कोणी लिहीत नाही.

१८५० चा कायदा फक्त दिवाणी दाव्यापुरता. १९८५ साली संसदेने न्यायाधीश (संरक्षण) कायदा केला आणि कुंपण दोन्ही बाजूंनी बंद केलं: पदावर असलेल्या वा नसलेल्या न्यायाधीशाविरुद्ध, त्याने न्यायिक कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल किंवा उच्चारलेल्या शब्दाबद्दल कोणत्याही कोर्टाने दिवाणी किंवा फौजदारी कामकाज चालवू नये. यात 'सद्भावना' हा शब्दच नाही. एक खिडकी मात्र उघडी ठेवलीय. सरकार, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा कायद्याने अधिकार दिलेली इतर यंत्रणा कारवाई करू शकते. म्हणजे हरलेला पक्षकार स्वतः नाही, पण न्यायाधीशाच्या वर कोणीच नाही असंही नाही. फौजदारी बाजूला जुन्या दंड संहितेचं ७७ वं कलम होतं तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १५ व्या क्रमांकावर आहे, आणि कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्याला वाचवणारं ७८ वं कलम आता १६ वं.

ग्राहक आयोगाचं उत्तर दोन ओळींत संपतं. दिल्लीत एका गृहस्थांनी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांनी दस्त अडवला म्हणून ग्राहक मंचात तक्रार केली होती. एस. पी. गोयल यांचं ते प्रकरण, १९९५ चं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे काम 'सेवा' नव्हे आणि तुम्ही 'ग्राहक' नव्हे. कोर्ट फी स्टँप ही न्यायाची किंमत असती तर हरलेल्या प्रत्येकाने माल बदलून मागितला असता.

आता हे असं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातला राग ते विचारतोय. आपल्याकडे देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवा पडला की हो, डावा पडला की नाही. कौल मनासारखा पडला नाही म्हणून गुरवाकडे नुकसान मागायला गेलेला माणूस मी पाहिला नाही. फार तर पुन्हा कौल लावतात, नाहीतर दुसऱ्या देवाकडे जातात. अपील म्हणजे तेच. आणि समजा रीत पडली असती की डाव्या कौलाचं नुकसान गुरवाने भरायचं, तर? गाऱ्हाणं घालायच्या आधी त्याने बघितलं असतं की समोर कोण उभं आहे. मुंबईला दोन फ्लॅट असलेला शेठ की काजू वेचणारी म्हातारी. मग कौल कोणाच्या बाजूने पडायला लागले असते हे सांगायला नको.

प्रत्येक दाव्यात एक बाजू हरते. हरलेल्यांतला पैसेवाला रोज नवा दावा लावू शकतो, गरीब लावू शकत नाही. म्हणजे हे संरक्षण काढलं तर न्यायाधीश घाबरेल तो पैसेवाल्यालाच. ब्रिटनमध्ये लॉर्ड डेनिंग यांनी १९७४ साली सिरोस विरुद्ध मूर या खटल्यात याच अर्थाचं म्हटलं होतं, की पुस्तकाचं पान उलटताना न्यायाधीशाची बोटं भरपाईच्या भीतीने थरथरता कामा नयेत. मुळात हे तत्त्व फार जुनं आहे, १६०७ साली लंडनच्या स्टार चेंबर या जुन्या कोर्टात फ्लॉइड विरुद्ध बार्कर या प्रकरणात ते मांडलं गेलं. आपल्याकडे कंपनीने ते बोटीतून आणलं.

पण मी त्याची आरती ओवाळणार नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९७१ साली एका आईने अर्ज दिला की माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीची नसबंदी करायला परवानगी द्या. न्यायाधीशाने मुलीला बोलावलं नाही, तिच्या बाजूने कोणी नेमलं नाही, रीतसर प्रकरण नोंदवलं नाही, अर्जावर सही करून मोकळा झाला. मुलीला सांगितलं, अपेंडिक्स काढतोय. लग्नानंतर मूल होईना तेव्हा तिला खरं कळलं. तिने दावा लावला, आणि १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की न्यायाधीशाला संरक्षण आहे. स्टंप विरुद्ध स्पार्कमन. मी हे तत्त्व ज्युनियरांना शिकवतो तेव्हा हा निकाल मुद्दाम वाचायला देतो.

असो. आपल्या कोकणात खरी मौज पुढे आहे, कारण इथे 'न्यायिक काम करणारा' माणूस काळा कोट घातलेलाच असतो असं नाही. रस्त्याचे निम्मे तंटे तर तहसीलदारापुढे चालतात. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, त्याच्या पाचव्या कलमाखाली रस्त्यातला अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देतो. त्या वेळी तो कोर्ट असतो. तासाभराने तोच माणूस दरड कोसळली म्हणून पंचनाम्याला जातो, संध्याकाळी वाळूचा डंपर अडवतो. टोपी एकच दिसते, पण काम बदललेलं असतं. संरक्षण खुर्चीला चिकटलेलं नाही, कामाला चिकटलेलं आहे.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे अन्वर हुसेन विरुद्ध अजयकुमार मुखर्जी, सर्वोच्च न्यायालय, १९६५. आसाममधल्या एका उपविभागीय अधिकाऱ्याने एका माणसाला अटक करवली. त्याने भरपाईचा दावा लावला. अधिकारी म्हणाला, मी मॅजिस्ट्रेट आहे, मला १८५० चं संरक्षण आहे. न्यायालय म्हणालं, मॅजिस्ट्रेट असशील, पण ही अटक तू मॅजिस्ट्रेट म्हणून समोर प्रकरण घेऊन केलेली नाहीस, प्रशासकीय अधिकारी म्हणून केलीस. संरक्षण गेलं. १९८३ च्या बी. एस. शंभू प्रकरणात तर दिवाणी न्यायाधीशच होते. कर्नाटकातल्या एका वकिलाने आपली कामं दुसऱ्या कोर्टात वर्ग करा असा अर्ज दिला, त्यावर खुलासा लिहिताना न्यायाधीशांनी वकिलाला 'गुंड', 'मोठा जुगारी' अशी विशेषणं लावली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या शिव्यांचा पदाच्या कर्तव्याशी संबंध नाही, फिर्याद चालवायला सरकारच्या मंजुरीची गरज नाही.

माझ्याकडचा एक किस्सा. तालुका सांगत नाही. एका तहसीलदाराने कोणाच्या तरी फोनवरून मंडळ अधिकाऱ्याला तोंडी सांगितलं, आणि मंडळ अधिकाऱ्याने उभं राहून जेसीबीने माझ्या अशिलाचा गडगा आडवा केला. आम्ही सरकारवर दावा लावण्याआधी द्यावी लागते ती कलम ८० ची नोटीस दिली, दोन महिने थांबलो, दावा लावला. त्यांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिलाच मुद्दा, की तहसीलदार मामलेदार कोर्ट म्हणून काम करत होते, १८५० च्या कायद्याने दावा बाद. न्यायाधीशांनी फाईल चाळली आणि सरकारी वकिलांना एवढंच विचारलं, "मामलेदार कोर्टाचा प्रकरण क्रमांक काय?" क्रमांक नव्हता. अर्ज नव्हता, नोटीस नव्हती, रोजनामा नव्हता, हुकूमही नव्हता. पुढच्या तारखेच्या आत गडगा पुन्हा उभा राहिला. चिरे नवे होते, जुन्यापेक्षा चांगले. खर्च कोणी केला हे मी विचारलं नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी असं गाऱ्हाणं घेऊन आला की मी आधी विचारतो, कागद कुठाय? समोर वाद होता का, दोन्ही बाजूंना बोलावलं का, काही ठरवून हुकूम लिहिला का? असेल तर तो हुकूम कितीही वेडावाकडा असो, रस्ता अपील-रिव्हिजनचा. नसेल तर ते न्यायिक काम नव्हेच.

आता पैसे खाल्ल्याची गोष्ट. तुमच्या पत्रात 'मॅनेज झालं असणार' असं एक वाक्य आहे. ताई, हे वाक्य कुठेही लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा. गुरवाने अंगठ्याने कळा ढकलला तर ती गोष्टच निराळी, तो कौलच नव्हे. लाचेला कसलंही संरक्षण नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा न्यायाधीशांनाही लागू आहे; उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही तो लागतो हे १९९१ च्या वीरस्वामी निकालाने ठरलं, फक्त तिथे गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावा लागतो. कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असून भ्रष्ट किंवा दुष्ट हेतूने निकाल देणं हा न्याय संहितेच्या २५७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. खालच्या कोर्टांवर घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. तक्रार तिकडे करायची, शपथपत्रावर, तपासता येईल असा पुरावा जोडून. न्यायालय अवमान कायद्याचं सहावं कलम फार थोड्यांना ठाऊक असतं. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा अवमान नाही. इथे मात्र सद्भावना तुमची लागते.

पण निकाल चुकला हाच लाचेचा पुरावा, असं चालत नाही. कृष्णप्रसाद वर्मा या बिहारच्या न्यायाधीशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट सांगितलं की केवळ चुकीचा आदेश दिला म्हणून खातेनिहाय कारवाई करू नका, बाहेरच्या दबावाचा किंवा लोभाचा काही धागा दिसायला हवा. तुमच्याकडे तसा धागा आहे का? पत्रावरून तरी दिसत नाही. खालच्या कोर्टात एकेका न्यायाधीशापुढे दिवसाला किती कामं बोर्डावर असतात हे तुम्ही तारखांना बघितलंच असेल. नकाशा एक्झिबिट, म्हणजे पुरावा म्हणून सिद्ध होऊन क्रमांकित, झाला नव्हता, नुसता यादीसोबत दाखल होता, असं झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि तसं असेल तर चूक तुमच्या तेव्हाच्या वकिलाचीही आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लिहिताना बरं वाटत नाही.

आता पैशांकडे. न्यायाधीशाच्या मागे लागणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं. २०१८ साली गडगा पाडून कोणाला रस्ता मिळाला? भाऊबंदाला. दरखास्त कोणी लावली? त्यानेच. अपील चालू आहे हे माहीत असताना लावली. आता हुकूमनामा उलटला, तर त्याने त्या हुकूमनाम्याखाली जे मिळवलं ते परत करायला हवं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं १४४ वं कलम यासाठीच आहे. कोर्टात त्याला पुनर्स्थापनेचा अर्ज म्हणतात. हुकूमनामा झालाच नसता तर दोन्ही बाजू जिथे असत्या, शक्य तितक्या तिथे त्यांना नेऊन ठेवायचं. जागेचा ताबा, गडगा, खर्च, व्याज, भरपाई आणि मधल्या काळातलं उत्पन्न, हे सगळं त्यात मागता येतं. त्यासाठी वेगळा दावा लावायचा नाही. १४४ मध्ये जे मिळू शकतं त्यासाठी वेगळा दावा लावायला त्याच कलमाने बंदी आहे. ही चूक बरेच जण करतात आणि दोन वर्षं फुकट घालवतात.

अकरा कलमं तोडली ती किती वर्षांची होती? याचा पुरावा आत्तापासून गोळा करा. बेलीफचा पंचनामा दरखास्तीच्या फाईलमध्ये असेल, त्याची नक्कल काढा, त्यात तोडलेल्या झाडांची नोंद आहे का बघा. सातबाऱ्यावर पीक पाहणीत झाडांची संख्या आहे का बघा, २०१६ च्या आधीची आणि २०१८ च्या नंतरची. वडील वाशीच्या बाजारात पेट्या पाठवत असतील तर दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, शोधा. आपल्याकडे त्या जुन्या ट्रंकेत, नाहीतर देवघराच्या फळीवर असतात. एका कलमामागे दर हंगामाला किती पेट्या जायच्या हे त्या पट्ट्यांवरून निघतं, आणि मोठी रक्कम तिथेच आहे, लाकडाच्या किमतीत नाही. झाडांचं मूल्यांकन कृषी खात्याच्या माणसाकडून करून घेता आलं तर उत्तम. तोडलेल्या कलमांचे बुंधे अजून असतील तर फोटो काढा, पावसाळ्याच्या आधी.

दुसरी गोष्ट बेलीफची. हुकूमनाम्यात रस्त्याची रुंदी किती दिली होती? १८५० च्या कायद्याने हुकूम बजावणाऱ्यालाही संरक्षण दिलंय, पण हुकुमाइतकंच. आठ फुटांचा रस्ता लिहिलेला असताना बारा फुटांची साफसफाई झाली असेल, तर वरचे चार फूट कोणाच्या सांगण्यावरून हे विचारता येतं. बेलीफ बिचारा भाऊबंदाने दाखवलेल्या खुणेवर उभा असतो. बोट कोणी दाखवलं ते पंचनाम्यात सापडतं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. न्यायाधीश नाही तर नाही, सरकारने का भरू नये? मला स्वतःला इथे आपला कायदा अपुरा वाटतो. त्रिनिदादमध्ये रमेश महाराज नावाच्या बॅरिस्टरला न्यायाधीशाने अवमानाबद्दल सात दिवस तुरुंगात टाकलं, आरोप काय ते धड न सांगता. १९७८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, म्हटलं की न्यायाधीशावर दावा नाही, पण घटनेने दिलेला हक्क मोडला गेला म्हणून राज्याने भरपाई द्यावी. आपल्याकडे रुदल शाह सुटकेचा हुकूम होऊनही चौदा वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिले, त्यांना १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीस हजार देववले; पण ती चूक तुरुंगाच्या कारभाराची होती, निकालाची नव्हती. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत अडकवलेल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला, तोही फौजदारी बाजूपुरता. दिवाणी निकाल चुकला म्हणून सरकारकडून पैसे, असा रस्ता आज नाही. वडील अपिलाचा निकाल न बघता गेले, त्याची भरपाई तर कुठल्याच कलमात नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुम्ही वारस म्हणून वेळेत रेकॉर्डवर आलात हे मात्र फार बरं केलंत. नाहीतर अपील तिथेच गळून पडलं असतं आणि हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

तुमच्या तेव्हाच्या वकिलांनी अपिलाबरोबर स्थगितीचा अर्ज दिला होता का, तेही बघा. नुसतं अपील दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही. हे माहीत नसल्यामुळे कोकणात किती गडगे पडलेत त्याची गणती नाही. हाच नियम आता तुमच्या बाजूने आहे. भाऊबंद दुसरं अपील करेल, त्याला नव्वद दिवस आहेत, नक्कल मिळायला लागलेले दिवस सोडून. त्याने अपील केलं तरी स्थगिती मिळेपर्यंत तुमचा १४४ चा अर्ज चालू शकतो. आणि ती स्थगिती एकतर्फी मिळू नये म्हणून उच्च न्यायालयात आजच कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाका. ती नव्वद दिवस टिकते, संपायच्या आत पुन्हा टाकायची. आता त्यासाठी मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. तुम्ही डोंबिवलीला राहता म्हणून कोणी मुंबईत कॅव्हेट टाकून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

१४४ चा अर्ज मात्र मूळ निकाल दिलेल्या कोर्टातच करावा लागतो, म्हणजे त्याच तालुक्याच्या कोर्टात, त्याच खुर्चीसमोर. त्या वेळचे न्यायाधीश कधीच बदलून गेले असतील. अर्जात त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहू नका. जिल्हा न्यायालयाच्या निकालपत्रातला नकाशाबद्दलचा परिच्छेद आहे तसा उतरवा, खाली अकरा कलमांचा तक्ता जोडा. येताना निकालपत्राच्या दोन सहीशिक्क्याच्या नकला, दरखास्तीची फाईल आणि वाशीच्या पट्ट्या आणा. पट्ट्या लॅमिनेट करू नका, एकीने केल्या होत्या, त्यावरची शाई उडून गेली.